शिक्षक घडतात त्या वर्गात समता शोधताना: पीएच.डी.ला नव्याने निघालेल्यांसाठी

माझ्या पहिल्या संशोधन आराखड्याच्या शीर्षकात ‘समता’ हा शब्द दोनदा होता आणि आतल्या बारा पानांत सदतीस वेळा. हा आकडा माझा नाही, मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीने खुणा करत मोजलेला. कागद परत देताना त्या म्हणाल्या, “हा शब्द सगळीकडून खोड आणि उरेल ते मला वाचून दाखव.” मी खोडला. उरलं ते वाचून दाखवण्याची सोय नव्हती. ‘शिक्षक-शिक्षणात रुजवणे काळाची गरज आहे’, ‘च्या दृष्टीने छात्राध्यापकांची भूमिका’ असली लंगडी वाक्यं.

पुढे याच विषयावर, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शिक्षणातल्या समतेवर, साडेसहा वर्षं गेली आणि पदवी मिळाली. त्यातलं दीड वर्ष तरी निव्वळ चाचपडण्यात गेलं. ते तुमचं जाऊ नये म्हणून हा लेख. नियम, शुल्क, मुदती प्रत्येक देशात आणि विद्यापीठात वेगळ्या असतात. त्या तिथल्या पत्रकातूनच पाहाव्या लागतील. इथे लिहिते आहे ते कुठेही गेलात तरी वाट्याला येतंच असं.

१. आधी पदवी कुठली ते ठरवा

शिक्षणक्षेत्रात डॉक्टरेट दोन नावांनी मिळते: पीएच.डी. आणि एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन). ढोबळ फरक असा की पीएच.डी. नवं ज्ञान उभं करणाऱ्यासाठी आणि एड.डी. आपल्या कामातला प्रश्न संशोधनाच्या शिस्तीने सोडवू पाहणाऱ्यासाठी. प्रत्यक्षात ही रेघ इतकी पुसट झाली होती की अमेरिकेत २००७ साली एड.डी.चं वेगळेपण नव्याने ठरवण्यासाठी कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट हा विद्यापीठांचा एकत्र उपक्रम सुरू करावा लागला. म्हणून नावावर जाऊ नका. त्या विभागातून अलीकडे पूर्ण झालेले चार-पाच प्रबंध उघडा, अनुक्रमणिका आणि पद्धतीचं प्रकरण वाचा. अर्ध्या दिवसात कळतं की तिथे काय चालतं.

वाटही देशागणिक बदलते. अमेरिकेत सहसा आधी दोनेक वर्षं अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी अर्जासोबतच आराखडा द्यायचा आणि पहिल्या दिवसापासून संशोधनाला लागायचं. नेदरलँड्समध्ये आणि उत्तर युरोपातल्या देशांत डॉक्टरेट करणारा बऱ्याचदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, आणि जागेची जाहिरात नोकरीसारखी निघते. ज्याचा विषय अजून धूसर आहे त्याने ब्रिटिश पद्धतीत उडी मारली तर पहिलं वर्ष फार एकटं जातं. मला अभ्यासक्रमाची दोन वर्षं मिळाली, म्हणून मी तरले.

२. समता वर्गात नेमकी कुठे दिसते ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकीच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

पहिला घोळ शब्दांचा. समानता, समता, समन्याय हे शब्द आपण उलटसुलट वापरतो. सगळ्यांना सारखं देणं वेगळं आणि ज्याला जे लागतं ते देणं वेगळं. कुठला शब्द कशासाठी वापरताय ते पहिल्याच प्रकरणात बांधून टाका, नाहीतर तोंडी परीक्षेत तासभर तिथेच घोडं पेंड खाईल.

दुसरा घोळ थरांचा. शिक्षक-शिक्षणात तीन थर असतात: शाळेतली मुलं, त्यांना शिकवायला शिकणारे छात्राध्यापक, आणि त्या छात्राध्यापकांना शिकवणारे आपण. नवा संशोधक हटकून मुलांवर उडी मारतो: कुठल्या मुलांना कमी गुण मिळतात, कोण शाळा सोडतं. ते महत्त्वाचं आहेच, पण तो शालेय शिक्षणाचा प्रबंध झाला. तुमचा प्रश्न मधल्या किंवा वरच्या थरातून निघायला हवा: भेदभाव करणारी किंवा न करणारी शिक्षिका घडते कशी?

आता जवळून एक प्रसंग. माझ्या अभ्यासातली एक छात्राध्यापिका सराव पाठात अपूर्णांक शिकवत होती. तासाचं ध्वनिमुद्रण मी नंतर स्टॉपवॉच लावून ऐकलं. मागच्या कोपऱ्यातल्या मुलीला तिने विचारलं, “मोठं काय, अर्धा की एक तृतीयांश?” मुलगी म्हणाली, “एक तृतीयांश, कारण...” आणि ‘कारण’ पुरतं संपायच्या आत छात्राध्यापिका म्हणाली, “बस हं. कोण मदत करेल हिला?” मग पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. त्याचंही उत्तर एक तृतीयांशच. त्याला ती म्हणाली, “नीट विचार कर,” आणि चार सेकंद थांबली. त्या चार सेकंदांत त्याने उत्तर दुरुस्त केलं.

चूक दोघांची एकच होती. एकाला वेळ मिळाला आणि एकीला बसायला सांगितलं गेलं. पाठानंतर मी विचारलं तेव्हा छात्राध्यापिका अगदी मनापासून म्हणाली, “तिला सगळ्यांसमोर ओशाळं वाटू नये म्हणून मी सोडवलं तिला.”

यात दुष्टपणा कुठेच नाही, आहे ती दया. आणि ही दया ती कुठून शिकली, प्रशिक्षणात तिला कुणी कधी टोकलं का, टोकायचं असतं हे तिच्या प्रशिक्षकाला तरी दिसतं का, हा माझा प्रबंध झाला. ‘समता’ हा शब्द तोवर खरोखरच खोडला गेला होता आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही.

अशी जागा सापडली की आधीचं संशोधन आपोआप हाताला लागतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात हे अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजलं होतं: सरासरी जेमतेम एक सेकंद. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. आणि ज्यांना शिक्षक कच्चे समजतात त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबतात, हेही त्यांनी नोंदवलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली मांडलं की शिक्षक होऊ पाहणारा माणूस शाळा संपेपर्यंत साधारण १३,००० तास शिक्षकांकडे पाहत बसलेला असतो. शिकवणं म्हणजे काय, हे तो प्रशिक्षणाला येण्याआधीच ‘शिकून’ येतो. माझ्या छात्राध्यापिकेची दया त्या तासांतून आली असणार, असा अंदाज मी इथूनच बांधला.

प्रश्न घडवताना तो तीन वेळा लिहून पाहा. माझे हे तीन खर्डे:

पहिला: ‘शिक्षक-शिक्षणातील समतेचा अभ्यास.’ हा प्रश्नच नाही.

दुसरा: ‘छात्राध्यापकांचा वंचित मुलांकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा आहे?’ याला प्रश्नावली वाटली की झालं, आणि सगळे चांगलंच लिहितात. ‘सर्व मुले समान आहेत’ याला ‘पूर्ण सहमत’ अशी खूण करायला कुणाचं काय जातं?

तिसरा: ‘सराव पाठात मूल चुकतं तेव्हा छात्राध्यापक कुणाला वेळ देतात, कुणाला सोडवतात, आणि पाठानंतरच्या चर्चेत प्रशिक्षक त्यावर काय बोलतात?’ हे पाहता येतं, ऐकता येतं, मोजताही येतं.

तिसऱ्यापर्यंत यायला मला अकरा महिने लागले.

दोन सापळे इथेच सांगते. एक, माणसाची एकच ओळख धरून चालणं. ती मुलगी नुसती मुलगी नव्हती. घरी वेगळी भाषा बोलणारी होती आणि वर्गात नवीनही होती. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली कायद्याच्या अभ्यासातून दाखवून दिलं की वंश आणि लिंग यांवरचे भेदभाव वेगवेगळे मोजले तर दोन्हींच्या छेदावर उभी असलेली बाई कुठल्याच हिशेबात येत नाही. तुमच्या तक्त्यातही हेच होईल, जपा.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. आपण अन्याय दाखवायला निघतो आणि प्रबंधभर फक्त कमतरता मांडतो: या मुलांना हे येत नाही, त्यांच्या घरी ते नाही. शिक्षणसंशोधक ईव्ह टक यांनी २००९ साली समाजसमूहांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात अशा ‘हानी-केंद्री’ संशोधनाला थांबा म्हटलं, कारण त्यातून समाजाची ओळख म्हणजे त्याची जखम एवढीच उरते. अमेरिकन शिक्षणसंशोधक ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्स यांनी २००६ साली शब्दच फिरवला: ‘संपादणुकीतली दरी’ म्हणू नका, ‘शैक्षणिक कर्ज’ म्हणा; बँकेचं नव्हे, समाजाने या मुलांचं थकवलेलं देणं. दरी म्हटलं की बोट मुलांकडे जातं. कर्ज म्हटलं की ते कुणी थकवलं हे विचारावं लागतं. प्रबंधातल्या प्रत्येक विशेषणाला ही चाळणी लावा.

३. वाचन: थोडं, पण नोंद ठेवून

एरिक (ERIC) हा शिक्षणविषयक संशोधनाचा साठा फुकट शोधता येतो. सुरुवात तिथून करा. ‘जर्नल ऑफ टीचर एज्युकेशन’ आणि ‘टीचिंग अँड टीचर एज्युकेशन’ या दोन नियतकालिकांची गेल्या पाच वर्षांची अनुक्रमणिका चाळली की या क्षेत्रात सध्या कशावर वाद चालू आहे ते कळतं. संदर्भ सांभाळायला झोटेरो फुकट आहे आणि पुरेसं आहे. पहिल्या लेखापासून वापरा. मी तिसऱ्या वर्षी सुरू केलं आणि जुने एकशे चाळीस संदर्भ हाताने भरत बसले.

प्रत्येक लेखासाठी एक ओळ, पाच रकाने: प्रश्न काय, कुणावर केलं, कसं केलं, काय सापडलं, मला काय खटकलं. पाचवा रकाना रिकामा राहत असेल तर लेख वाचला गेलेला नाही, नुसते डोळे फिरले आहेत. साहित्य आढाव्याचं प्रकरण शेवटी याच रकान्यातून लिहून होतं.

गाजलेल्या अभ्यासांसोबत त्यांच्यावरची टीकाही वाचा. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग सगळे सांगतात: शिक्षकांना म्हटलं की अमुक मुलं चमकणार आहेत, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेली ती मुलं खरंच पुढे गेली. त्यातल्या चाचण्यांवर लगेचच कडक टीका झाली, हे मात्र फार कमी जण सांगतात. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आणि ब्राझीलचे शिक्षणविचारवंत पाउलो फ्रेरी यांचं एखादं वाक्य पहिल्या पानावर टाकून पुढे त्यांना विसरून जाऊ नका. इतक्या प्रबंधांत ही तोरणं पाहिली आहेत की आता ती दिसली की मी पान उलटते.

४. मार्गदर्शक निवडताना

मोठं नाव आणि चांगला मार्गदर्शक या दोन गोष्टी एकाच माणसात असतातच असं नाही. तीन गोष्टी तपासा.

त्यांच्या हाताखाली किती जण आहेत आणि गेल्या काही वर्षांत किती जणांचं पूर्ण झालं? पद्धत कुठली? मुलाखती आणि निरीक्षणं करायची असतील आणि मार्गदर्शकांचं सगळं काम आकडेवारीचं असेल, तर दोघांनाही त्रास होतो. आणि ते लेखी प्रतिक्रिया देतात की तोंडी? मला तोंडी मिळायच्या. दोन महिन्यांनी ‘हे तू का बदललंस?’ असा प्रश्न यायचा आणि उत्तर ‘तुम्हीच सांगितलंत’ हे असायचं, पण तसं म्हणता येत नाही. मग मी प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाकायला लागले: ‘आज असं ठरलं, पुढच्या वेळी हे आणेन.’ एवढ्या एका सवयीने बरीच डोकेदुखी वाचली.

हे प्रश्न मार्गदर्शकांना सरळ विचारायला संकोच वाटेल. त्यांच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि शक्यतो अर्धवट सोडून गेलेल्या एखाद्यालाही. तो खरं सांगतो.

पहिला मेल छोटा ठेवा. तुम्ही कोण, काय काम केलंय, कुठला प्रश्न डोक्यात आहे, त्यांचा कुठला लेख वाचून त्यांच्याकडे आलात, आणि वीस मिनिटं बोलता येईल का. ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ वगैरे नमनाला घडाभर तेल नको. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. मग दुसरं दार.

५. कागदपत्रांची पिशवी

जवळजवळ सगळीकडे हे लागतं:

– पदवी आणि पदव्युत्तर गुणपत्रिका, प्रमाणपत्रं. परदेशी अर्ज असेल तर अधिकृत भाषांतर
– शिक्षकी पात्रतेचं प्रमाणपत्र आणि कामाच्या अनुभवाची पत्रं
– उद्देशपत्र, बहुधा एक ते दोन पानांचं
– संशोधन आराखडा. कुठे दोन पानं, कुठे दहा
– लेखनाचा नमुना, म्हणजे आधीच्या प्रबंधिकेतलं एखादं प्रकरण किंवा लेख
– दोन किंवा तीन शिफारसपत्रं
– संशोधनाला धरून लिहिलेला कार्यपरिचय
– भाषा-चाचणीचा निकाल, जिथे मागतात तिथे

यात सगळ्यात उशीर शिफारसपत्रांना होतो. शेवटच्या तारखेच्या दीड महिना आधी मागा, आणि मागताना उद्देशपत्र व आराखडा सोबत द्या. नाहीतर ‘विद्यार्थिनी कष्टाळू व नम्र आहे’ एवढंच लिहून येतं. नम्रतेवर कुणाला प्रवेश मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

उद्देशपत्रात बालपणापासून शिक्षिका व्हायचं होतं वगैरे टाळा. कामाच्या जागी नजरेला पडलेली एक विसंगती सांगा, तिचा प्रश्न कसा झाला ते सांगा, आणि तो प्रश्न याच विभागात का न्यायचा ते सांगा.

६. पैसा आणि वेळ

शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि पदवीला सरासरी किती वर्षं लागतात, हे दोन आकडे शेजारी ठेवा. मधलं अंतर तुमच्या खिशातून जाणार आहे. नोकरी सांभाळून करणार असाल तर आठवड्यातले ठरलेले तास घरच्यांना आणि कामावर आधीच सांगून ठेवा. ‘जमेल तसं’ म्हटलं की ते कधीच जमत नाही. शेवटचं लिखाण करताना सलग दोन-तीन महिन्यांची रजा मिळाली तर सोनं.

७. नैतिकता समिती: अडथळा नव्हे, पण सोपीही नाही

माणसांवरच्या संशोधनाला बहुतेक विद्यापीठांत समितीची लेखी मंजुरी लागते आणि ती येईपर्यंत एकही मुलाखत घ्यायची नसते. घेतलीत तर ती माहिती वापरता येत नाही. अमेरिकेतल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वं सांगितली: माणसाचा आदर, त्याचं हित आणि न्याय. शब्दयोजना वेगळी असली तरी बहुतेक समित्यांचे प्रश्न यांच्याच आसपास फिरतात.

आपल्या विषयातली खरी गाठ वेगळीच असते. मी ज्या छात्राध्यापकांचा अभ्यास करणार होते त्यांच्या सराव पाठांना गुण मीच देत होते. संमतीपत्र वाटलं, बावीसपैकी बावीस जणांनी सही केली आणि मी खूश. समितीने एका ओळीत विचारलं: ‘यातल्या कुणाला नकार देणं शक्य होतं का?’ समतेवर संशोधन करणारी मी, आणि माझ्याच वर्गात कुणाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळं थांबलं. शेवटी मूल्यमापन दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेलं, संमती एका त्रयस्थ व्यक्तीने घेतली आणि कुणी हो म्हटलं हे मला निकाल लागेपर्यंत कळू दिलं नाही. दुसऱ्या खेपेला चौदा जणांनी होकार दिला. आठ जण पहिल्यांदा नुसते घाबरले होते.

यात सत्र वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून अर्ज करण्याआधी कागदावर लिहा: माझ्या अभ्यासातल्या प्रत्येकावर माझी कुठली सत्ता चालते? गुण, शिफारस, नोकरी, नुसता मान, काहीही.

शाळेत जायचं असेल तर शाळेची परवानगी वेगळी, पालकांची संमती वेगळी आणि मुलांचा होकार वेगळा. या तिन्हींना मिळून मला चार महिने लागले.

८. प्रत्यक्ष माहिती गोळा करताना

ध्वनिमुद्रण नेहमी दोन यंत्रांवर करा. माझ्या पहिल्या तीन मुलाखतींत पंख्याचा आवाज आहे आणि त्यामागे कुणीतरी आयुष्यातली मोलाची गोष्ट सांगतंय असा भास होतो. खोलीत जाऊन आधी एक मिनिट रेकॉर्ड करा, ऐका, मग बसा.

एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला मला सहा तास लागायचे. सॉफ्टवेअर आता हे झटपट करतं, पण वर्गातला कल्ला, अर्धवट तोडलेली वाक्यं आणि बोली त्याला नीट झेपत नाहीत, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. आधी यंत्राकडून उतरवून घ्या आणि मग हेडफोन लावून ओळ न् ओळ तपासा. शांततासुद्धा सेकंदांसह लिहा. मुलांची नावं असलेली फाइल बाहेरच्या सेवेवर चढवण्यापूर्वी समितीने त्याला परवानगी दिली आहे का ते पाहा.

रोज संध्याकाळी संशोधकाची डायरी लिहा. त्यात निष्कर्ष नको. काय पाहिलं आणि स्वतःला काय वाटलं, एवढंच. ‘आज त्या सरांचा राग आला’ हे वाक्य दोन वर्षांनी उपयोगी पडतं, कारण विश्लेषण करताना त्या सरांच्या बाबतीत आपला हात जड पडलाय का हे तपासता येतं.

विश्लेषणाबद्दल एकच गोष्ट. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली मांडलेली आशय-सूत्रांच्या (म्हणजे माहितीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अर्थांच्या) विश्लेषणाची, थीमॅटिक अ‍ॅनालिसिसची, सहा टप्प्यांची रीत नवख्यांना सोपी वाटते आणि सगळे तिचं नाव घेतात. मग लिहितात, ‘माहितीतून पुढील सूत्रे उदयास आली.’ याच वाक्याला त्या दोघींचा आक्षेप आहे. सूत्रं काही जमिनीतून उगवत नाहीत. तुम्ही ती घडवता. कशी घडवली, आधी कुठली नावं दिली होती, कुठली मोडली, ते लिहा.

९. लेखन

प्रकरणं क्रमाने लिहू नका. पद्धतीचं प्रकरण आधी, कारण ते तुम्हाला आठवतंय तोवर लिहिलेलं बरं. मग निष्कर्ष, मग साहित्य आढाव्याचा दुसरा खर्डा, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

छापून आणायची घाई होते तेव्हा ‘पंधरा दिवसांत प्रकाशन, शुल्क भरा’ असे मेल येतात. ती दुकानं आहेत. ज्या नियतकालिकातले लेख तुमच्या संदर्भसूचीत आहेत, तिथेच पाठवा. नकार आला तरी परीक्षणाची दोन पानं मिळतात आणि ती फुकटचं मार्गदर्शन असतात.

१०. तोंडी परीक्षा

ब्रिटनमध्ये ही बहुतेक बंद दाराआड, दोन परीक्षकांसमोर. नेदरलँड्समध्ये जाहीर, वेळ ठरलेली, आणि वेळ संपली की ‘होरा एस्त’ (वेळ झाली) अशी लॅटिन आरोळी देऊन थांबवतात. तुमच्याकडे कसं असतं ते पाहायला आधी कुणाच्या तरी परीक्षेला जाऊन बसा, जिथे बसू देतात तिथे.

आमच्या विषयात हे प्रश्न येतातच: समता म्हणजे तुम्ही काय धरलंय? तुम्ही स्वतः कुठे उभ्या राहून हे पाहिलंत? चौदा जणांवरून काय सांगता येतं आणि काय नाही? प्रशिक्षणात उद्यापासून नेमकं काय बदलाल? शेवटच्या प्रश्नाला ‘जाणीवजागृती करावी’ म्हणालात तर परीक्षकांचे चेहरे पडतात. मी म्हणाले, “पाठानंतरच्या चर्चेत प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्याच तासाची पाच मिनिटं स्टॉपवॉच लावून ऐकावीत.” त्यावर वीस मिनिटं प्रश्न आले, पण ते प्रश्न चांगले होते.

दुरुस्त्या आल्या तर तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकांचं म्हणणं, तुम्ही केलेला बदल, पान क्रमांक. जिथे बदल केला नाही तिथे कारण लिहा. माझ्या अठ्ठावीस दुरुस्त्या होत्या आणि तक्त्यामुळे पाच आठवड्यांत आटोपल्या.

११. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत द्या

ही पायरी कुठल्याच नियमावलीत मला सापडली नाही. प्रबंध कुणी वाचणार नाही, म्हणून मी चौदाही जणांना त्यांच्या तासाचं शब्दांकन आणि सोबत दोन पानांचं टिपण दिलं. तोवर ते नोकरीला लागले होते. अपूर्णांकवाली मला स्वतः भेटली. तिने शब्दांकनातली ती ओळ वाचली, परत वर गेली, परत वाचली. मग ‘कारण’ या शब्दापुढच्या तीन टिंबांवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, म्हणजे ती सांगतच होती की.”